अकरावा वाटा

"काकू, काका आहेत का घरात?" तात्सुरोने दारातूनच विचारलं. बुटांना बर्फ, अंगाला अस्वलाच्या चरबीचा वास, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभा.

हे, म्हणजे माझे यजमान तोमेकिची, मागच्या पडवीत धारेचे दगड धूत होते. हात पुसत पुढे आले. तात्सुरोने फडकं उलगडलं. आत त्याची नवी सुरी होती, अस्वलाचं कातडं सोलायची. पात्याची धार जिथे वळते तिथे करंगळीच्या नखाएवढी चंद्रकोर नाहीशी झाली होती.

"कधी?" यांनी विचारलं.

"सकाळी. मांडीचा सांधा सोडवताना. तेव्हा कळलंच नाही, काका. आत्ता घरी जाऊन धुवायला घेतली तर हे असं."

"आणि टवका?"

तात्सुरोने फडकं पुन्हा गुंडाळायला घेतलं.

"मांसात आहे," हेच म्हणाले.

"वाटे झाले, काका. अकराही घरी पोचले."

त्या वर्षीचं ते पहिलं अस्वल. एप्रिल लागला होता, पण डोंगरावर बर्फ गुडघाभर होतं. आमच्या गावात अस्वल मिळालं की बर्फावरच त्याचे वाटे घालतात. मांस, हाडं, आतडी, सगळं सारखं. ज्याने गोळी घातली त्याला जास्त नाही, ज्याने नुसते हाकारे दिले त्याला कमी नाही. नऊ शिकाऱ्यांचे नऊ वाटे, दहावा त्यांच्या सुऱ्यांना धार लावणाऱ्याचा, म्हणजे आमचा, आणि अकरावा त्सुनेआजींचा. त्यांचा नवरा तीस वर्षांपूर्वी कोसळलेल्या हिमकड्याखाली गेला, पण त्याचा वाटा कोणी बंद केला नाही. हे सगळं डोंगराच्या देवीचं देणं. म्हणून एकदा घरात आलेला वाटा पुन्हा उंबऱ्याबाहेर काढत नाहीत, कोणाशी बदलत नाहीत, आणि टाकून तर मुळीच देत नाहीत.

आमचा वाटा देवीच्या फळीखाली झाकून ठेवला होता. मी रोज सकाळी त्या फळीवर मीठ आणि पाणी ठेवते. देवीकडे मागायची सवय मी लावून घेतलेली नाही, नुसते हात जोडते. त्या दुपारीही हात जोडले आणि कापायचा पाट मांडला. यांनी मांसाच्या पातळ कापट्या करून द्यायच्या, मी एकेक कापटी बोटांत दाबून पाहायची. हाडाचे कण लागले, एक छर्रा लागला. पोलाद नव्हतं.

"चल," हे म्हणाले. "घरोघरी जायला हवं."

आम्ही तिघं निघालो. रस्त्याने मला मागच्या महिन्यातले ते तीन दिवस दिसत होते.

तात्सुरोने ती सुरी पहिल्यांदा आणली तेव्हा हे हसले होते. शेहेचाळीस वर्षं यांनी गावातल्या सुऱ्यांना धार लावली, त्याआधी यांच्या वडिलांनी. त्या सगळ्या सुऱ्या गावच्या लोहाराच्या. मध्ये कडक पोलादाची एक पट्टी आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड. ही सुरी तशी नव्हती. पोलादाचं पीठ करून, ते दाबून आणि तापवून बनवलेली, आरपार एकसारखी कडक. दगडावर ठेवली की घसरायची. आमच्या दगडांवर पाणी टाकून पातं फिरवलं की करडा गाळ येतो, आणि तो आला की यांचा चेहरा खुलतो. या सुरीखाली पाणी स्वच्छच राहायचं.

"अहो, द्या परत," मी म्हटलं होतं. "नाही जमत म्हणावं."

"न जमलेलं पातं आजवर परत गेलेलं नाही या घरातून."

तीन दिवस हे तिच्यामागे होते. दगड धरेना म्हणून पातं आडवं, आणखी आडवं धरत गेले. शेवटी धरलं एकदाचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यांनी पातळ कागद हवेत धरला आणि सुरी नुसती टेकवली. कागद दोन झाला आणि आवाजही आला नाही. यांनी मला दोनदा बोलावून ते दाखवलं. इतकं खूश मी यांना मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पहिलं घर शिकाऱ्यांचे म्होरके योहेइ यांचं. त्यांची बायको मिने मुळा कापत होती. तात्सुरोने सगळं सांगितलं. मिनेने सुरी खाली ठेवली.

"शेहेचाळीस वर्षं तुमच्या धारेनं आमची बोटं कापली," ती यांना म्हणाली. "आता घसाही कापायचा म्हणता?"

"मिने!" आतून योहेइंचा आवाज आला.

"बोलू द्या तिला," हे म्हणाले. "खरं आहे ते."

मिनेने माझ्याकडे पाहिलं, मग वाट्याचं मांस पाटावर ठेवून तो पुढे सरकवला आणि स्वतःच माझ्यासमोर बसली. "दाब," म्हणाली. "तुझी बोटं माझ्यापेक्षा हलकी आहेत."

योहेइही आमच्याबरोबर निघाले. वाटा बाहेर काढायचा नाही, म्हणून ज्या त्या घरातच शोधायचं. प्रत्येक घरी हे उंबऱ्यात गुडघे टेकायचे, डोकं जमिनीला लावायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "माझ्या धारेचा तुकडा तुमच्या मांसात असू शकतो." यांनी लोहचुंबकही आणलं होतं, पण मांसात रुतलेली कणी चुंबकाला येत नाही. बोटंच खरी. चौथ्या घरापर्यंत माझी बोटं चरबीने बधिर झाली. एका घरी पातेलं चुलीवर चढलं होतं, ते उतरवलं. एका घरी लहान नातवंडं वाट्या घेऊन बसली होती. त्यांच्या आईने आमचं ऐकून त्या वाट्या इतक्या घाईने काढून घेतल्या की धाकटं रडायला लागलं. हे त्या रडण्याकडे बघत राहिले. मी यांची बाही ओढली तेव्हा उठले.

आमचं धरून दहा घरं झाली. कुठेच नाही.

उरल्या त्सुनेआजी. त्यांचं घर वरच्या वळणावर. दार उघडल्याबरोबर रश्श्याचा वास आला. आजींची ब्याऐंशी वर्षं झालेली, तोंडात दात चार.

"एवढी माणसं?" आजी म्हणाल्या. "कोण गेलं?"

"कोणी नाही, आजी," योहेइ म्हणाले. "तुमचं जेवण झालं का?"

"कसलं जेवण! तो जेवतोय अजून." त्यांनी नवऱ्याच्या तसबिरीकडे बोट केलं. तसबिरीपुढे वाटी होती, तिच्यातून वाफ निघत होती. "त्याचं झालं की मी घेणार. तुम्हाला घाई असेल तर त्याला सांगा."

तात्सुरो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

यांनी इथेही गुडघे टेकून तेच वाक्य म्हटलं. मांस तर केव्हाच शिजून तंतू तंतू झालं होतं. तसबिरीपुढची वाटीही आजींनी स्वतःच परत पातेल्यात ओतली. मी दुसऱ्या पातेल्यावर फडकं बांधलं आणि डाव डाव करून सगळं गाळलं. फडक्यावर मुळा, मांस, मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, गाळ. यांनी त्यात बोटं घातली आणि खूप वेळ फिरवली. मग थांबले. तर्जनीवर काहीतरी चमकत होतं.

यांनी तो टवका दिव्याखाली नेला आणि पात्याच्या खाचेला लावून पाहिला. बसला. पण वरच्या टोकाला, जिथे चंद्रकोर निमुळती होते, तिथे केसाएवढी फट राहिली. वाळूच्या दाण्याएवढं काहीतरी अजून बाहेर होतं. आम्ही पुन्हा गाळलं. तिसऱ्यांदा गाळलं. इतक्या तंतूंत तेवढी कणी बोटांना लागेना.

"काका, चूक माझी आहे," तात्सुरो एकदम म्हणाला. "मी सांध्यात सुरी मुरगाळली. मुरगाळायला नको होती."

"झालं तर," योहेइ म्हणाले. "हाडात मुरगाळली की कुठलीही सुरी तुटेल. तोमेकिची, विषय संपला."

मला वाटलं, देवी, संपू दे.

"तुझा बापही मुरगाळायचा," हे तात्सुरोला म्हणाले. "रागावून सांगितलं तरी मुरगाळायचा. त्याच्या सुरीची धार दुमडायची. दुमडलेली धार पात्यालाच चिकटून राहते, कोणाच्या घासात जात नाही. मी उलटी घासली की पुन्हा सरळ. हे पोलाद दुमडत नाही, तुटतं. याला इतकी पातळ धार काढायचीच नसते. जाड ठेवायची."

"तुम्हाला काय माहीत असणार, काका? नवी वस्तू."

"माहीत होतं. तिसऱ्या दिवशी माझ्या दगडावर याची एक बारीक कणी तुटून पडली होती. मी ती पाहिली." यांनी टवका सुरीशेजारी ठेवला. "पण कागद असा काही कापला जात होता, की ती मी पाण्याबरोबर धुऊन टाकली."

हे मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या खोलीत मी भात लावत होते त्या संध्याकाळी.

"उद्यापासून सगळ्यांच्या सुऱ्या शहरात पाठवा," हे योहेइंना म्हणाले. "तिथे या पोलादाचं काम जाणणारे आहेत. जुन्याही तिकडेच द्या. घरचे विळे आणि भाजीच्या सुऱ्या मी करीन."

अशा वेळी 'नको, असं कसं' म्हणायची आमच्याकडे रीत आहे. योहेइ तसं म्हणाले नाहीत. दोन्ही हात जमिनीला टेकून त्यांनी डोकं खाली नेलं आणि बराच वेळ वर आणलं नाही. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही.

"आणि या पातेल्याचं काय करायचं?" आजी म्हणाल्या. "मी सांगून ठेवते, टाकायचं नाही. तीस वर्षांत एक तंतू टाकलेला नाही मी."

 टाकायचं नाही, बाहेर न्यायचं नाही, आणि आजींना ते खाऊ द्यायचं नाही.

"आजी," हे म्हणाले, "मी तुमच्याकडे पाहुणा म्हणून जेवायला आलो तर चालेल?"

"पाहुणा? तू? कधी?"

"रोज दुपारी. हे संपेपर्यंत."

"आणि मी काय हवा खाऊ?"

"तुम्ही रात्री आमच्याकडे पाहुण्या," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते कसं निघालं कोण जाणे. पाहुण्याला आपल्या वाट्यातलं वाढायला देवीची ना नाही.

आजींनी आधी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मुळा मऊ शिजव मग," म्हणाल्या.

अंगणातलं बर्फ घमेल्यात भरून पातेलं घरातच त्यात ठेवलं की टिकायचं. दुसऱ्या दिवसापासून हे दुपारी वरच्या वळणावर जाऊ लागले. मीही बरोबर जायची, पण जेवायची नाही. मी ताट घेतलं की हे नुसती मान हलवायचे. यांचं जेवण म्हणजे एक तुकडा तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे आणि समोरच्या दातांनी हळूहळू चावत, जिभेने चाचपत राहायचं. नीट कळेपर्यंत गिळायचं नाही. एका वाटीला तासाच्या वर लागायचा. मी देवीचं नाव घेत बसायची, आणि तेही मनातल्या मनात, यांचं लक्ष जाऊ नये म्हणून.

"गाईसारखा किती रवंथ करशील रे?" दुसऱ्या दिवशी आजी वैतागल्या. "मला झोपायचंय."

"झोपा, आजी. मी आपलं आपलं वाढून घेतो."

"पाहुण्याला वाढल्याशिवाय झोपत नाहीत," आजी म्हणाल्या, आणि बसल्या बसल्या पेंगू लागल्या.

चौथ्या दिवशी वाटी अर्धी झाली असेल. यांचा जबडा थांबला. डोळे उघडले नाहीत. जीभ गालातून ओठांपर्यंत आली आणि यांनी बोट लावलं. बोटावर काळसर, टोचणारं काहीतरी होतं, तिळाहून बारीक. यांनी ते वाटीच्या काठावर ठेवलं. खालच्या ओठावर रक्ताचा एक ठिपका आला होता, तो पुसला.

आजींना जाग आली. "काय, खडा लागला?"

"हो."

"लागतो कधी कधी," आजी म्हणाल्या. "थुंकून टाक."

मी श्वास सोडला. आता उठतील असं मला वाटलं. वाटीत तीन-चार तुकडे उरले होते आणि घमेल्यातल्या पातेल्यात आणखी एका दिवसाचं. यांनी पुन्हा जेवायच्या काड्या उचलल्या, एक तुकडा तोंडात घेतला आणि डोळे मिटून तितकाच सावकाश चावू लागले.