दोन बोटे पारा

आदर्श नगरातील त्या भाड्याच्या घरात, दिवाणखान्याच्या उत्तरेकडील भिंतीवर, पितळी कडेचा एक वायुभारमापक टांगलेला होता, आणि हे कुटुंब जयपुरास आल्या दिवसापासून तो वादळ वर्तवीत होता. बाहेर आश्विनातले आकाश कितीही निरभ्र असो, काटा 'वादळ' या अर्थाच्या इंग्रजी अक्षरांवरून हलला तर केसभर हले.

यंत्र इंदुमतीच्या वडिलांचे. आप्पासाहेब वेंगुर्ल्याच्या बंदर कचेरीत होते. काटा पडू लागला की धोक्याचा बावटा चढवायचा, हे त्यांचे काम. ते गेल्यावर त्यांच्या वस्तूंपैकी तिने एवढीच मागून घेतली होती.

घरमालक पंडितजी रोज सकाळी वर्तमानपत्र न्यायला वर येत आणि भिंतीकडे पाहून विचारत, "भाभीजी, आज भी तूफान?"

"आज भी, पंडितजी. छाता ले जाइए."

दोघे हसत. इंदुमतीचे यजमान वसंतराव हसत नसत. ते विमा कंपनीत अधिकारी होते. दुसऱ्याच्या मसुद्यातला चुकलेला अनुस्वारही त्यांना जेवताना आठवे. मग स्वतःच्या भिंतीवरचे असत्य त्यांना कसे सोसावे?

वास्तविक ते असत्य नव्हते. इंदुमती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवी आणि दर वर्षी हे समजावून सांगे. माशाच्या अंगावर जसे पाण्याचे, तसे माणसाच्या अंगावर हवेचे ओझे असते. ते सर्व बाजूंनी सारखे दाबते म्हणून जाणवत नाही. समुद्रकाठी हवेचा सगळा थर डोक्यावर असतो. जयपूर समुद्राहून चारशे मीटरांपेक्षा अधिक उंच, म्हणून तेवढा थर आपल्या खाली राहतो आणि डोक्यावरचे ओझे उणे होते. काट्यामागच्या निर्वात डबीला ही उणीव वादळासारखी भासते, कारण किनाऱ्यावर दाब इतका उतरतो तो वादळातच. "पाऱ्याच्या नळीत मोजलं, तर साधारण एवढा कमी," असे म्हणून ती दोन बोटे आडवी जुळवून वर्गाला दाखवी, आणि बोटे खाली घ्यायला तिला नेहमी क्षणभर उशीर होई.

त्या आश्विनात कंपनीने वसंतरावांपुढे दोन जागा ठेवल्या: बढती घेऊन जयपुरातच कायम राहावे, किंवा आहे त्याच हुद्द्यावर रत्नागिरीस जावे. उत्तर सोमवारी द्यायचे होते. इंदुमती "तुम्ही ठरवा" एवढेच म्हणाली, आणि ते तिने इतक्या सहज म्हटले की वसंतरावांनी त्यास बढतीला दिलेली संमती मानले. आता घर कायमचेच होणार, तर त्यातली चूक निघावी, असे त्यांच्या मनाने घेतले. शनिवारी ती शाळेत असताना त्यांनी सांगानेर विमानतळावरच्या हवामान कचेरीत फोन लावून दाब विचारला, यंत्र खाली काढले आणि पाठीमागचा स्क्रू फिरवून काटा 'स्वच्छ'वर आणला.

इंदुमती परतली. येता-जाता काचेवर नखाने टिचकी मारण्याची तिला आप्पासाहेबांपासून आलेली सवय होती. तिने बोट उचलले, आणि ते तसेच राहिले.

"हे कुणी केलं?"

"मी. कचेरीला विचारून केलंय, अंदाजाने नव्हे. इतकी वर्षं चुकीचा होता."

"चुकीचा नव्हता."

"अगं, बाहेर लख्ख ऊन, आणि हा म्हणतो वादळ. याला बरोबर म्हणायचं?"

"त्यांनी कुठला दाब सांगितला तुम्हाला?"

"इथलाच. समुद्रसपाटीला आणलेला. सगळीकडे तसाच सांगतात, म्हणजे गावागावांची तुलना करता येते."

"म्हणजे इथला नव्हे. जयपूर समुद्राकाठी असतं तर जो असता, तो."

"वर्गात उभी असल्यासारखी बोलू नकोस."

"वाद तुम्ही काढलात."

वसंतरावांनी मुद्दा सोडला नाही. मापन उपयोगी पडायचे तर त्याला सर्वांचा एकच पाया हवा, नाहीतर प्रत्येक गाव आपापले वादळ घेऊन बसेल, असे त्यांनी पद्धतशीर मांडले. इंदुमतीने सगळे ऐकून घेतले.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही याला समुद्रावर नेऊन ठेवलंत. मी इथंच आहे."

वसंतराव खुर्चीत बसले. म्हणाले, "तू तर म्हणालीस, तुम्ही ठरवा."

"म्हणाले. नोकरी तुमची, बढती तुमची. मी काय म्हणणार? पण हा काटा रोज म्हणत होता. पंडितजी विचारायचे ना, तेव्हा बरं वाटायचं. वाटायचं, कुणीतरी रोज चौकशी करतंय, घरापासून किती दूर आलात."

त्यांनी उठून यंत्र पुन्हा खाली काढले, तबकडी गुडघ्यांबाहेर येईल असे मांडीवर पालथे घेतले आणि खाली धरायला तिच्या हाती आरसा दिला, म्हणजे तिला काटा दिसावा. "मी फिरवतो. तू थांब म्हण."

सकाळी हेच अंतर त्यांनी काम उरकल्यासारखे ओलांडले होते. आता स्क्रू कणाकणाने फिरत होता आणि तिचे "अजून" संपत नव्हते. "अजून," ती म्हणे, आणि मग, बऱ्याच वेळाने, "अजून थोडा." शेवटी "थांबा" म्हणून तिने आरसा खाली ठेवला.

वसंतरावांनी यंत्र सुलटे केले. ते खिळ्याला लावायला मात्र ते उठले नाहीत.

"रत्नागिरीला जाताना हे सामानात द्यायचं नाही," ते म्हणाले. "मांडीवर घेऊ."

इंदुमतीने त्यांच्याकडे पाहिले. ते काट्याकडेच पाहत होते.

"येताना मी घेतलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही झोपला होतात. बडोद्यापर्यंत काटा फारसा हलला नाही. मग पडत गेला, रतलामला तर इथल्याहून खाली. आणि कोट्याला पुन्हा चढला. क्षणभर वाटलं, गाडी मागं वळली."

"बोलली नाहीस."

"सवाई माधोपूरला गाडी बदलायची होती. तुम्ही ट्रंका मोजत होतात."

वसंतरावांनी पितळी कडेवरचे आपल्या बोटांचे ठसे धोतराच्या सोग्याने पुसले.

"जातानाही रतलामला पडेल हं," इंदुमती म्हणाली. "तेव्हा बढती आठवेल तुम्हाला."

"आठवू दे," ते म्हणाले. "पुढं बडोद्यापर्यंत काटा चढेल, तोवर तू मला जागं ठेव."