मिस्त्रींचं शिसव

डब्याच्या झाकणातून कापलेली चकती, कडेला कात्री घसरल्याची खूण... वाऱ्यानं ती गर्रकन फिरली आणि अक्षरं पुन्हा समोर आली. ‘बाबांचं झाड’. एरवी मिस्त्री या चकतीकडे दिवसातून तीनदा तरी बघत आणि दर वेळी त्यांची छाती इंचभर फुगे. आज फुगली नाही. नजर चकतीवरून घसरून शेजारच्या पानावर गेली आणि तिथंच अडकली. पानाच्या टोकाला बारीकशी खाच होती.

ही खाच बारा वर्षं तिथंच असणार. पण ती दाखवली शेजारच्या कंपाउंडरनं, आज सकाळी, कुंपणापलीकडून दात घासता घासता. शिसवाची पानं अशी नसतात, चांगली गोल असतात, असं त्याचं म्हणणं. मग हे आहे तरी काय, असं मिस्त्रींनी विचारल्यावर त्यानं शांतपणे चूळ भरली आणि ते आपल्याला माहीत नाही असं सांगून आत गेला. सुई टोचायची आणि कापूस द्यायचा नाही, अशी त्याची पहिल्यापासूनची खोड.

चार वाजता मुलगी येणार होती, आणि तिच्याबरोबर तिच्या कॉलेजातल्या मॅडम. इथल्या मातीतली, टणक लाकडाची झाडं कुणाकुणाच्या अंगणात आहेत, याची त्या नोंद करत फिरत होत्या. मॅडम पान हातात घेणार, दोन सेकंद बघणार, आणि मुलीच्या समोर...

मुलगी दहा वर्षांची असताना त्यांनी हे रोप लावलं. रोपवाटिकेतल्या माणसानं पिशवीवरची पुसट चिठ्ठी उन्हात धरून बघितली आणि शिसव असावं, असं म्हणाला. त्यातलं ‘असावं’ घरी येईपर्यंत रस्त्यात कुठंतरी पडलं. याच्या लाकडाचं तुला लिहायचं टेबल करून देईन, असा शब्द मिस्त्रींनी तिला तिथल्या तिथं दिला. शेळ्यांपासून वाचवायला जाळी लावली, खोड सरळ वाढावं म्हणून खालच्या फांद्या वेळच्या वेळी काढल्या, दर वाढदिवसाला टेपनं घेर मोजून तो दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं लिहिला... आणि रोज सकाळी चहा पिताना उभ्या झाडातून मनातल्या मनात फळ्या काढल्या, करवतीच्या पात्यात जाणारी जाडी वजा करून. टेबलाजोगा घेर व्हायला साठ वर्षं लागतात हे पुढं कळलं. तेव्हा टेबलावर तिची नात बसली असती, पण शब्द म्हणजे शब्द.

चाळीस वर्षं मी लाकूड ओळखत आलो, मिस्त्री स्वतःशीच म्हणाले — डोळे मिटून, नखानं ओरखडून, भुसा हुंगून. अंधारात फळी हातात द्या, नाव सांगतो. पण पान? पान असलेलं लाकूड वखारीत कधी आलंच नाही.

“तुम्ही झाडाला हात लावला तो ते मेल्यावरच,” सकाळचं ऐकून बायको म्हणाली होती. “जिवंत झाडातलं तुम्हाला काय कळतंय? लेक येईल, ती सांगेल.”

हेच तर नको होतं.

तीन वाजता ते पटाशी घेऊन झाडामागं गेले. आधी बोटाएवढी फांदी छाटून बघितली. आत सगळं पांढरं. रंग गाभ्यात असतो आणि एवढ्याशा फांदीला गाभा नसतो, हे त्यांना छाटण्याआधीही ठाऊक होतं, पण हाताला दुसरं काही सुचेना. मग खोडाच्या सालीवर, गुडघ्याच्या उंचीवर, कुणाला दिसणार नाही असा एक हलका घाव...

झाडातून रक्त आलं.

निदान मिस्त्रींना तसंच वाटलं. आधी त्यांनी स्वतःचीच बोटं तपासली, दहाच्या दहा. लाल, चिकट थेंब सालीतून सावकाश खाली येत होता. खांद्यावरचा पंचा त्यांनी खोडाला गुंडाळला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. तेवढ्यात वाळलेले कपडे काढायला बायको बाहेर आली. तिनं पंचा बघितला, पटाशी बघितली.

“अहो, जीव आहे ना त्याच्यात?”

“आहे,” मिस्त्री म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी पंचा हळूच सैल केला. थेंब कडेनं आळत होता, काळपट होत होता... आणि एकदम वखार आली, ओल्या भुशाचा वास आला, सोळाव्या वर्षीची सकाळ आली. ओंडक्यावर बसलेले उस्ताद सालीच्या फटीतली काळी-लाल खपली नखानं काढत होते. डिंक आहे हा. अशी खपली दिसली की समज, बिबळा. फळी त्यांनी लक्षात ठेवली होती — पिवळसर, भिजल्यावर हात रंगवणारी. खपली मात्र विसरले, कारण साल काय, चुलीतच जायची.

बिबळा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी उभं झाड ओळखलं होतं. आपण बारा वर्षं चुकत होतो हे क्षणभर त्यांच्या ध्यानातही आलं नाही, इतका आनंद झाला. मॅडम येऊ देत. कंपाउंडरही येऊ दे.

चकती फिरली. ‘बाबांचं झाड’.

मागच्या वर्षीच्या सुट्टीत मुलीनं अंगणातल्या अकरा झाडांना चकत्या बांधल्या होत्या. दहांवर दोन दोन ओळी, वर आपल्याकडचं नाव, खाली शास्त्रातलं, तिरक्या अक्षरांत. याच्यावर एकच ओळ. खालचं नाव राहिलं का, असं त्यांनी विचारलं होतं.

“याला एवढं पुरे आहे, बाबा,” ती म्हणाली होती आणि तार पिळायला खाली वाकली होती. बराच वेळ पिळत होती.

मिस्त्रींचा हात पंच्यावरच राहिला. म्हणजे हे शिसव नाही, हे तिला तेव्हाच ठाऊक होतं. आता बिबळा म्हणावं, तर हिनं बापासाठी वर्षभर जपलेली थाप मॅडमसमोर उघडी पडणार. शिसव म्हणावं, तर... त्यांनी पुटपुटून बघितलं. शिसव. बारा वर्षं इतकं सहज येणारं नाव आज तोंडात नव्या चपलेसारखं चावत होतं. खोटं बोलायचं म्हणजे चेहरा कसा ठेवायचा, हे तिलाच विचारायला हवं. तिला चांगलं जमतं.

फाटकाची कडी वाजली. त्यांनी लाल बोटं पाठीमागं नेली आणि छाती पुन्हा इंचभर फुगली — कशानं, ते काही केल्या त्यांना ओळखता येईना.