दारावरची यादी

लोर्ना केटलकँपला नको त्या गोष्टींची चौकशी करायची खोड होती. आयोवातल्या त्या छोट्या कॉलेजात मुलींच्या सॉकर संघाची ती सव्वीस वर्षं मुख्य कोच होती, आणि या खोडीपायीच आपण टिकलो असं तिचं ठाम मत होतं. एखादी पोरगी डाव्या बुटाची नाडी दोनदा का बांधते, बसमध्ये कोणी कोणाशेजारी बसायचं बंद केलं, सगळं तिला ठाऊक लागायचं. तिची सहायक ब्रिन म्हणायची, "कोच, तुमच्या शेजारी घर घ्यायला मी कोणाला सांगणार नाही."

दरवर्षी तिच्याकडे शाळेतल्या मुलींच्या सामन्यांचे व्हिडिओ ढिगाने यायचे. बहुतेक आईबापांनीच काढलेले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही रीत तिथेही चुकलेली नव्हती. कॅमेरा आपल्या लेकीला असा चिकटलेला असायचा, की बाकीच्या एकवीस जणी आणि चेंडू कुठे आहेत याचा पत्ता लागू नये.

एप्रिलमध्ये मॅकेन्ना नावाच्या मुलीच्या बापाचा व्हिडिओ आला. सोबत त्याने माफी मागितली होती. शाळेची जी पोरगी मैदानाकडेच्या खोलीच्या छपरावर उभी राहून चित्रण करते तिचं लक्ष ठिकाणावर नसतं, तरी आपण नऊ नंबरकडे बघावं, असं त्याने लिहिलं होतं. लोर्नाने नऊ नंबरकडे बघितलं. पोरगी तडफदार होती, तिला घ्यायचं हे दहा मिनिटांत ठरलं.

अकराव्या मिनिटाला मात्र लोर्नाने व्हिडिओ मागे नेला. चेंडू उजव्या बाजूला असताना कॅमेरा डावीकडच्या मोकळ्या गवताकडे वळला होता. तिथे चिटपाखरू नव्हतं. दोन क्षणांनी चेंडू नेमका तिथेच येऊन पडला. एकदा झालं तर तिने योगायोग म्हणून सोडून दिलं असतं, पण मध्यंतरापर्यंत असं सात वेळा झालं. समोरचं जेवण निवून गेलं, तरी तिचं विचारचक्र चालूच होतं.

ब्रिनने बघितलं आणि खांदे उडवले. "आपल्याला गोल मारणारी हवीय, कोच. कॅमेरा धरणारी नव्हे."

लोर्ना म्हणाली, खरं आहे, आणि पुढच्या शनिवारी दोनशे मैल गाडी हाकत त्या गावी गेली. वाटेत पेट्रोल पंपावर पिझ्झाचे दोन तुकडे खाल्ले. मॅकेन्नाच्या बापाशी वीस मिनिटं गोडीत बोलली, त्याची कॉफी घेतली आणि सामना सुरू झाल्यावर शिडी चढून सरळ छपरावर गेली. बाप खालून बघतच राहिला.

वर स्वतःच्या बापाचं शिकारीचं जाड जाकीट घातलेली एक उंच पोरगी उभी होती. नाव थेया लुंडग्रेन. बारावीला होती. लोर्नाने स्वतःची ओळख सांगितली आणि विचारलं, चेंडू इकडे असताना तू तिकडे का वळतेस?

थेयाने डोळा कॅमेऱ्यावरून हलवला नाही. "त्यांची ती सात नंबर बघा. तिने मान मागे वळवली ना, की चेंडू उजव्या कोपऱ्यात जातो. तिला स्वतःलाही माहीत नसेल."

चेंडू उजव्या कोपऱ्यात गेला. सव्वीस वर्षं मैदानाच्या कडेला घालवलेल्या लोर्नाला ती मान दिसली नव्हती. तिला हसू आलं आणि थोडी असूयाही वाटली.

"मग तू खेळत का नाहीस?"

"यादीत नाव नव्हतं. तीन वर्षं."

दर मार्चमध्ये व्यायामशाळेच्या दारावर यादी चिकटवतात, ज्यांचं नाव असेल त्या आत जातात, हे तिने सांगितलं. तिसऱ्या वर्षी शाळेच्या कोचला तिची दया आली असावी, त्यांनी कॅमेरा हातात दिला. काय कमी पडलं, हे त्यांनी सांगितलं का, असं लोर्नाने विचारलं.

"यादी बोलत नाही ना," थेया म्हणाली.

 दर ऑगस्टमध्ये लोर्नाही तेच करत आली होती. निवड चाचणीच्या शेवटच्या संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर यादी लावायची आणि मागच्या फाटकातून गाडी काढायची. तिला हे तिच्या जुन्या कोचने शिकवलं होतं. तिथे थांबलीस तर रडारड होते, मग आईबापांचे फोन येतात. जगाच्या उठाठेवी करणाऱ्या या बाईने त्या दारासमोरचा एकही चेहरा आजवर बघितला नव्हता. परतीच्या वाटेवर तिला याची लाज वाटली.

निघण्यापूर्वी तिने थेयाला एवढंच सांगितलं होतं की कॉलेजात शिकणारी कोणीही मुलगी ऑगस्टच्या चाचणीला येऊ शकते, यंदा संघात एक जागा शिल्लक आहे, आणि कसलंही वचन मी देत नाही. थेयाला लोर्नाच्या कॉलेजातही प्रवेश मिळालेला होता. तिने मान हलवली आणि पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला.

ऑगस्टमध्ये एका जागेसाठी अकरा जणी आल्या. त्यांत थेया होती. लोर्नाने तीन दिवस तिच्यावरून नजर काढली नाही, आणि ती निवडली जावी असं तिला मनापासून वाटत होतं. पोरीला सगळं आधी दिसायचं, पण पाय तिथवर वेळेत पोचायचे नाहीत. टेक्सासहून आलेली जोसी मात्र वाऱ्यासारखी होती, चुकली तरी दुसऱ्या क्षणी पुन्हा चेंडूवर. तिसऱ्या दिवशी दुपारी लोर्नाने जोसीचं नाव लिहिलं.

ब्रिनने कागद वाचला. "थेयाला कॅमेऱ्यावर घेऊ या की. तिला त्यात तोड नाही."

"पुन्हा?" लोर्ना म्हणाली.

तिच्या एका हातात कागद होता, दुसऱ्यात चिकटपट्टी. दारापर्यंत ती गेलीही. तिथून परत फिरली, मैदानाच्या कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली आणि ब्रिनला म्हणाली, एकेकीला पाठव. ब्रिनला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.

पहिली मुलगी सर्वांत जड गेली. दुसरी रडली. तिसरीने तोंडावर शिवी घातली आणि लगेच माफी मागितली. चौथीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने हात मिळवला. जोसी पाचवी होती. ती हसली आणि मागे उभ्या असलेल्या मुलींकडे बघून चटकन गप्प झाली. सातवी थेया येऊन बसली.

"थेया, मी तुला घेत नाहीये."

थेयाने मान डोलावली. हे तिला सवयीचं होतं. उठायला ती बाकावरून पुढे सरकलीसुद्धा, आणि मग तशीच बसून राहिली.

"का?"

"चेंडू दिलास की तू थांबतेस," लोर्ना म्हणाली. "आपलं बरोबर निघालं का, ते बघायला. तेवढ्यात खेळ तुला मागे टाकून जातो. आणि डावीकडे वळायला तुला तीन पावलं लागतात. जोसीला एक."

थेयाचे डोळे भरले. तिने बाहीने ते पुसले, पण परत भरले. तुझ्यासारखी नजर मी दुसरी बघितली नाही, हे वाक्य लोर्नाच्या ओठांवर आलं होतं. खरं होतं ते, पण आत्ता थेयाला ते भिकेसारखं वाटलं असतं.

"तीन?" थेयाने विचारलं.

"तीन. मी तिन्ही दिवस मोजली."

"मला कोणी सांगितलंच नाही." तिचा आवाज चिरकला. "मला वाटायचं, मी त्यांना आवडत नाही."

लोर्नाला त्या क्षणी दारासमोरच्या सगळ्या जणी आठवायच्या होत्या, पण आठवणार कशा? तिने त्यांना बघितलंच नव्हतं. त्या अजून, कुठे कुठे, तेच समजून बसल्या असतील. 

"वळणं शिकता येतं?" थेया विचारत होती.

"येतं."

"किती दिवसांत?"

"माहीत नाही. जिला मी गाळलं, तिला शिकवून कधी बघितलंच नाही." लोर्नाने कागदाची घडी केली. "सकाळी साडेसहाला मैदान रिकामं असतं. ये. पुढच्या ऑगस्टलाही मी वचन देणार नाही, पण का ते तोंडावर सांगेन."

थेया उठली. आभार मानायचं तिला सुचलं नाही. फाटकापाशी ती डावीकडे वळली, थांबली, परत आली आणि पुन्हा वळली. लोर्नाला बघत बसायचं होतं, पण आठवी मुलगी समोर येऊन बसली होती आणि तिलाही 'का' ते ऐकायचं होतं.