तिरकं पाणी

गॅस

फ्रिजचं दार उघडू नको. म्हस्कू उठता-बसता हेच म्हणत होता. गार निघून जातंय. आत औषध हाय.

औषध म्हणजे त्याच्या अंकिताचं इन्सुलिन. पोरगी अकरा वर्षांची, साखरेचा आजार, आणि बिऱ्हाड मेंढ्यांमागं फिरणारं. गेल्या उन्हाळ्यात बाटल्यांचं मडकं घोड्यावर लादलं होतं. शिरूरच्या वाटेवर ते फुटलं. औषध उन्हात शिजलं हे कळेपर्यंत पोर बेशुद्ध झाली होती.

म्हणून यंदा घोडी विकली आणि गाडी घेतली. कुणा परदेशी जोडप्याची घरगाडी, यवतला हायवेवर बंद पडलेली. आत झोपायची फळी, शेगडी आणि एक बुटका फ्रिज. जालिंदर मेस्त्रीनं ती गॅरेजच्या फरशीवर उभी करून फ्रिज चालवून दाखवला होता.

"गॅसवर चालतोय, बॅटरीवर चालतोय, लायटीवर बी चालतोय. तुमाला पायजे ते लावा, मामा."

"आगीनं गार कसं व्हतंय?" त्याची बायको गिताबाई म्हणाली. "चुलीवर कवा बर्फ झालाय का?"

"मामी, हात घाला की आत."

तिनं घातला आणि झटकन काढला. गार होतं. खरंच गार होतं.

म्हणून गॅस. सिलिंडर माळावरही नेता येतो.

आता तळ कुरकुंभच्या पुढं, उतारावर. गाडीही उतारावरच, मागच्या चाकाला दगड लावून. मेंढरांचा तळ सपाटीला टाकायचा नसतो. मूत साचतं, खूर कुजतात. म्हस्कूला हे कुणी शिकवलं नव्हतं. बाप जिथं जिथं थांबला तिथली जमीन कललेली होती, एवढंच. माणसंसुद्धा चढाकडं उसं करून झोपायची.

दोन दिवस झाले. गिताबाईनं सुई भरायला दार उघडलं आणि

"अवं."

"दार लाव."

"अवं, हात घाला आत."

बॅटरी

फ्रिजखालची ज्योत जळत होती, निळी, सरळ. आत मात्र ऊन-ऊन, कोंबडी उठल्यावर खुराड्यात असतं तसं.

"मी तवाच म्हणलं हुतं."

"गप."

"आग ती आग."

म्हस्कूनं गॅस बंद केला. बटण बॅटरीवर फिरवलं. रात्र गेली. सकाळी आत तसंच ऊन. गाडीची चावी फिरवली तर नुसतं टिक. बॅटरी फ्रिजनं पिऊन टाकली होती.

अंकितानं पाणी मागितलं. प्याली. पुन्हा मागितलं.

लाइट

माळाच्या पायथ्याला हौशीरामची विहीर, मोटर. त्याच्याकडून वायर ओढली. पण भारनियमन, लाइट दुपारी येणार.

"आली तर," हौशीराम म्हणाला. "पावण्यासारखं हाय तिचं. येतो म्हणत्यात, आन् आपुन वाट बघायची."

 गिताबाईनं बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. दुधासारखं औषध, त्यात आता गुठळ्या दिसत होत्या, काचेला चिकटलेल्या. शिजलेलं परत कच्चं होत नाही, हे तिला सांगायला डॉक्टर नको होता. तरी तिनं फडकं पुन्हा भिजवलं.

लाइट आली. मोटर धडधडली. म्हस्कू फ्रिजपुढं उकिडवा बसून राहिला.

मग हात घातला. मग दुसरा हात घातला, पहिला खोटं बोलत असेल म्हणून.

गॅस नाही. बॅटरी नाही. लाइट नाही. आता चौथं काय लावायचं? रक्त लावू?

पाणी

अंकिता ओकली. तिच्या तोंडाला पिकून सडलेल्या पेरूसारखा वास येत होता. गेल्या उन्हाळ्यातही हाच वास होता. गिताबाई पोरीची चप्पल शोधू लागली.

फ्रिजवर पातेलं होतं, पोरीच्या पाण्याचं. काठोकाठ.

"आप्पा, पाणी तिरकं हाय."

"व्हय, बाळा." पोर बरळते आहे असं त्याला वाटलं.

"तिरकं हाय, बघा की."

त्यानं बघितलं. एका बाजूला पाणी काठाला टेकलं होतं, दुसरीकडं चार बोटं खाली. पातेलं तिरकं. फ्रिज तिरका. गाडी, तळ

फरशी. जालिंदरची फरशी सपाट होती.

"गिते, ह्ये उतारामुळं. फ्रिज सपाट लागतोय..."

"पुरं झाला तुमचा फ्रिज! पोरीला दौंडला न्या."

उतार

बॅटरी मेलेली. रस्ता खाली.

गिताबाई पोरीला मांडीवर घेऊन आत बसली. हौशीरामनं चाकाखालचा दगड लाथेनं उडवला. लाइटीची वायर तटकन तुटली. मेंढरं दुभंगली. गाडी इंजनाशिवाय, आवाजाशिवाय घरंगळत निघाली.

दुसरा गिअर. क्लच सोडला. हिसका. नाही.

"अजून उतार हाय! सोडा, सोडा!" हौशीराम मागून पळत ओरडत होता.

उतार संपत आला होता. विहीर दिसली. म्हस्कूनं पुन्हा क्लच सोडला, आणि तोंडातून मेंढरांना हाकतात तो आवाज निघाला, हर्रर्र, आणि इंजन खोकलं आणि

लागलं.

सपाट

दौंड. सरकारी दवाखान्याचं आवार. सपाट, डांबरी, एवढासाही कल नाही.

गिताबाई पोरीला उचलून आत पळाली. म्हस्कू उतरला नाही. पाय काढला की इंजन बसणार, आणि इथं बसलं तर उठणार नाही. पुण्याला न्या म्हणाले तर? म्हणून तो ॲक्सिलेटर दाबून बसला. पोरगी आत, बाप बाहेर. धूर बघून एक वॉर्डबॉय आला.

"ओ पावणं, बंद करा की गाडी."

"न्हाई."

"पेशंट झोपल्यात."

"माझी बी झोपलीय," म्हस्कू म्हणाला.  वॉर्डबॉय निघून गेला.

पाय बधिर झाला. त्यानं गुडघ्यावर हात ठेवून तो तसाच दाबून धरला. दवाखान्याचं दार उघडलं की बघायचं. दुसरंच कुणीतरी. दार. दुसरंच.

मग गिताबाई. पदर तोंडात.

"सलाईन लावलंय," ती म्हणाली. "सुई दिलीया त्यांची. गार औषधाची. पोरीला हितंच ठेवत्यात."

"काय म्हणत्यात?"

"काय म्हणत न्हाईत. सकाळी सांगतो म्हणत्यात." ती खिडकीशी आली. "बंद करा गाडी."

त्यानं पाय उचलला. इंजन बसलं.

गिताबाई आत गेली. तिच्या मागं जाण्याआधी म्हस्कू गाडीच्या मागच्या भागात शिरला. पातेलं रस्त्यात लवंडून गेलं होतं. त्यानं कॅनमधून त्यात पाणी ओतलं, फ्रिजवर ठेवलं, हलायचं थांबेपर्यंत बघत राहिला. चारी बाजूंनी सारखं.

त्यानं गॅस लावला. आत ठेवायला काहीही नव्हतं.

त्यानं फ्रिजचं दार लावून घेतलं.