मरतुकडे ठिपके

मोठ्या सरांना मरतुकडं काही चालत नसे. केबिनमधल्या झाडाचं एखादं पान पिवळं पडलं की झाड कुंडीसकट बाहेर. माणसांच्या बाबतीत कुंडी नसल्यामुळे थोडा वेळ लागे, एवढंच.

त्यांची प्रयोगशाळा एका आनुवंशिक आजारावर काम करत होती. या आजारात हात आधी थरथरतात, मग ऐकेनासे होतात. कारण एका जनुकात तीच तीन अक्षरं, निवृत्त माणसाच्या आठवणींसारखी, पुन्हा पुन्हा येतात. असा तुकडा सरळ राहत नाही. स्वतःवरच दुमडून गाठ मारून बसतो. पेशीतली, जनुकाची नक्कल करणारी यंत्रणा गाठीशी आली की अडखळते. माणसात बहुधा ती तेच ते गिरवत सुटते, म्हणून आजार पिढीगणिक वाढतो. हाच तुकडा जिवाणूत घातला तर ती बहुधा गाठ टाळून उडी मारते आणि तुकडा आखूड होतो. लोढणं टाकलेला जिवाणू मग फोफावतो. जिवाणू वाढवायच्या प्लेटवर त्याच्या पिलावळीचा ठिपका टपोरा. तुकडा इमानाने सांभाळणाऱ्याचा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा. म्हणून या धंद्यात नव्या माणसाला आधी हेच शिकवतात, की बारका ठिपका उचल.

सरही हे शिकले होते. पण केबिन मिळाली तशी त्यांनी प्लेट सोडली, ती परत धरली थेट फोटोग्राफर आला तेव्हा. तुकडा आखूड करील अशा नव्या औषधाच्या प्लेटवरचे ठिपके त्यांनी स्वहस्ते उचलले, अर्थातच टपोरे. बिनऔषधाच्या प्लेटवरचे त्यांच्या विद्यार्थिनीने उचलले; अर्थातच बारके. औषधवाले तुकडे आखूड निघाले, बिनऔषधाचे होते तेवढेच. सरांनी भाषण केलं. पेपरात फोटो आला.

या विद्यार्थिनीला सगळे ‘शंका’ म्हणत. तिच्या मामाचे हात थरथरत होते, म्हणून ती या विषयात आली होती. पदवी आता सरांच्या एका सहीवर अडली होती आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या औषधावर.

"सर, टपोरे ठिपके औषधाशिवायही आखूडच निघतात," ती म्हणाली.

"अगं, मुद्दाम मरतुकडे उचलायचे आणि वर मलाच शिकवायचं?"

"मग दोन्हीकडचे तुम्हीच उचला."

कोणती प्लेट कोणती हे झाकून तिने दोन्ही समोर ठेवल्या. सरांनी दोन्हींवरचे गलेलठ्ठ ठिपके उचलले, तिने दोन्हींवरचे किरकोळ. तपासणी झाली. सरांचे सगळे आखूड, तिचे सगळे शाबूत. औषध असो वा नसो.

शेजारच्या भांडणात आपली खिडकी पुसायला निघावं तशी बाकीची प्रयोगशाळा भोवती गोळा झाली. सरांनी भिंतीवरचा, पेपरातला आपला फोटो सरळ केला.

"याचा अर्थ," ते म्हणाले, "औषध इतकं प्रभावी आहे, की शेजारच्या प्लेटलाही लागू पडलं."

"वाफ, सर," उपप्रमुख म्हणाले. त्यांची बढती जवळ आली होती.

"वाफच."

"आणि माझ्या बारक्यांना नाही लागली वाफ?" शंकाने विचारलं.

"मरतुकड्याला काय लागू पडणार?"

यावर सगळ्यांनी मान डोलावली. शास्त्र पुढे गेलं.

दोन दिवसांनी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. कुंडी नवी होती.

"औषधाचं प्रकरण काढून टाक. बाकी काम ठीक आहे. सही करतो, आणि तू दुसरीकडे जागा बघ."

"आणि भाषण, सर?"

"ते देऊन झालंय."

गाठ सुटत नसेल तर उडी मारून पुढे जायचं, हे यंत्रणेचं शास्त्र सरांना तोंडपाठ होतं.

शंकाने प्रकरण काढलं नाही. दोन्ही प्लेटचे फोटो घातले, कोणते ठिपके कोणी उचलले तेही लिहिलं आणि प्रबंध सरांपुढे ठेवला. सरांनी आभाराचं पान उघडलं. आपलं नाव पहिलं आहे हे पाहिलं. त्यापलीकडे ते कोणाचाच प्रबंध वाचत नसत. त्यांनी सही केली. यथावकाश पदवी मिळाली आणि प्रबंध ग्रंथालयात गेला, म्हणजे रीतसर पुरला गेला.

पदवी मिळाली त्या संध्याकाळी मामाचा फोन आला.

"काय डॉक्टरीणबाई, पेपरातलं औषध कधी येतंय?"

"नाही येत, मामा. ते औषध नव्हतंच."

पलीकडे कप बशीवर खडखडला. तिने त्याला ठिपक्यांची सगळी गोष्ट सांगितली, वाफेसकट. वाफेला मामा हसला.

"म्हणजे टाकून देतात ते माजतात, आणि धरून ठेवतात ते वाळतात."

"हो."

"मग तुझ्या सरांना सांग," मामा म्हणाला, "मी पार वाळलोय. तुकडा शाबूत आहे."