माशी हाकणारा हात

फणीत अडकलेला गुंता छबूबाईनं उजेडाकडे धरला. आखूड, राठ, मध्येच पांढरे पडलेले केस तिचे. लांब, मऊ, टोकापर्यंत काळेभोर, ते लोटनचे. नवऱ्याचे. कित्येक वर्षं या घरात चांगलं खोबरेल त्याच्या केसांना लागत आलं आणि तिच्या वाट्याला तळाचं, खवट वासाचं… तिनं गुंता बोटाभोवती गुंडाळला, बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत आवळला, आणि चुलीत टाकला. केस जळल्याचा वास घरभर झाला. होऊ दे. तो घरात नव्हताच. दिवस उगवायच्या आधीच जत्रेत गेला होता, राणी व्हायला.

सवत असती तर तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या. मंडळीच्या कुठं धरणार?

मंडळी म्हणजे सारंगखेड्याची दत्तप्रासादिक नाट्यमंडळी. इंद्रसिंगांच्या कापसाच्या कोठारात ती जन्माला आली, तेव्हा छबूबाईच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. पहिला पडदा तिच्याच रुखवतातल्या दोन चादरी जोडून झाला. मग धुळ्याच्या बंद पडलेल्या कुठल्याशा कंपनीचा राजवाड्याचा पडदा आला, आणि तो पाहायला धानोऱ्याहून माणसं आली, नुसता पडदा पाहायला! मग गाड्या जुंपून खापरपर्यंत जाणं सुरू झालं, तिथून नवऱ्याच्या नावाची कीर्ती घरी येऊ लागली – “लोटन पाणी भरायला निघाला तर बायका लाजतील,” आणि बायका खरंच लाजत, तिच्याकडे पाहून हसत. मग तापीच्या पुरात कोठार बुडालं, राजवाडा चार दिवस बाभळींवर वाळत पडला होता आणि त्याच्या खिडक्यांमधून काटे आरपार आले होते. ते बघून तिला जे सुख झालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. पण मंडळी मरेना. नंदुरबारला तंबूत बोलपट आला, अर्धी माणसं गेली, उरल्यांपैकी दोघं पलटणीत भरती झाले, इंद्रसिंग एकटेच दोन दोन राजे करू लागले – तरी मरेना. आता लढाईपायी रॉकेल मिळत नव्हतं, बत्त्या विझल्या होत्या. तिला वाटलं, आता तरी… तर इंद्रसिंगांनी दवंडी दिली : यंदा दत्ताच्या जत्रेत नाटक दिवसाउजेडी, आणि बायकांना वेगळी जागा.

ती जाणार नव्हती. सासू, नर्मदाबाई, होती तोवर घरच्या बाईनं नाटकाला जायचा प्रश्नच नव्हता, आणि सासू जाऊन दोन वर्षं झाली तरी तिला जावंसं वाटलं नव्हतं. काय बघायचं? राणीची भाषणं तिला पाठ होती. लोटन ती गोठ्यात म्हशीसमोर म्हणायचा. फक्त बोलायचा. हात हलवायचा नाही, मान वळवायचा नाही. ते सगळं तिकडे.

दुपार कलण्याआधी भिला आला. मंडळीचा पेटीवाला.

“वहिनी, शालू आठेच ऱ्हाई गया. लोटनभाऊ बोंबली ऱ्हायना तठे. माले पेटी लेवाले जानं शे, तुम्हीच ली या ना.”

शालू. तिच्या लग्नातला. तिनं तो अंगावर घातला असेल तीन वेळा. त्यानं किती वेळा, ते दत्तालाच ठाऊक. खांद्यावरून जातो तिथं तो त्याच्या अंगाला ताणून फाटला होता, आणि शिवला होता तिनंच. ती शालू काखेत मारून निघाली.

जत्रेत घोडे होते, धूळ होती, लिदीचा उबट वास होता. घोड्यांचे व्यापारी गिऱ्हाइकासमोर जनावराचा ओठ वर करून दात दाखवत. मंडळी निघाली त्या वर्षी लोटन असाच पाहायचा मला. लुगडं नेसताना, डोक्यावरची घागर सावरताना, भाकरी थापताना उंबऱ्यावर बसून टक लावून पाहायचा, आणि मी वेडी लाजून पाठ करायची – तर म्हणायचा, पाठ नको करू. मला वाटायचं… काय वाटायचं ते आता मनातसुद्धा म्हणवत नाही. मग एका होळीला इंद्रसिंग ओट्यावर बसून सगळ्यांदेखत म्हणाले, लोटनची शाळा घरीच आहे, मास्तरीण रोज पोळ्या करून घालते. सगळे हसले. त्या दिवसापासून ती त्याच्यासमोर हसली नाही. चालली मात्र, चालल्याशिवाय घर चालत नाही. चाल गेली, पदर खोचायची लकब गेली, ठसका लागला की तोंडावर हात न्यायची पद्धत गेली. नेऊ दे. एक गोष्ट सोडून सगळं नेऊ दे.

ती एक गोष्ट तिनं अकरा वर्षं जपली होती, आणि नवऱ्याशी भांडण झालं की मनातल्या मनात तीच त्याच्या पारड्यात टाकत आली होती.

मांडवामागे तिनं शालू इंद्रसिंगांच्या हाती दिला. त्यांनी अर्धा चेहरा रंगवला होता, अर्धा उरला होता. “बठा वहिनी, बायकासमा बठा,” ते म्हणाले, “आज तुमना मानूस देखा.” ती नाही म्हणणार होती, पण मागून बायकांचा लोंढा आला, आणि तो तिला दोरीपलीकडे घेऊनच गेला. ती बसली. शेजारी धानोऱ्याची एक म्हातारी होती, मांडीवर शेंगांची पुरचुंडी घेतलेली.

दिवसाच्या उजेडात सगळं उघडं पडलं होतं. राजवाड्यावरचे पुराचे डाग दिसत होते, राजाच्या मिशीचा डिंक दिसत होता. छबूबाईला बरं वाटलं. ती वाट पाहत राहिली – लोक हसतील, कुणीतरी लिदीचा गोळा फेकेल. लोटन आला तेव्हा दोनचार पोरं हसलीही. चाळिशीचा माणूस, गळ्याची घाटी पावडरीखाली वरखाली होणारी. मग तो चालला. तिचीच चाल… नाही, तिची वीस वर्षांपूर्वीची, गुडघा धरायच्या आधीची. पोरं गप्प झाली. तिनं दात आवळले.

नाटक तिला माहीत होतं. राजा राणीला घालवून देतो, राणी अरण्यात भटकते, राजपुत्र तापानं मरतो. राणी मोठं भाषण करते – ‘हे वनदेवते’पासून सुरू होणारं, म्हशीलाही पाठ झालेलं. राणी झाडाखाली बसली. मांडीवर चिंध्यांचं पोर. आता भाषण.

लोटननं भाषण केलं नाही.

त्यानं पोराचा झबला गुडघ्यावर ओढला. पुन्हा ओढला, उघडं पडू नये म्हणून. मग दुसऱ्या हातानं पोराच्या तोंडावरची माशी हाकली. माशी नव्हती. ती परत आली. पुन्हा हाकली. पुन्हा आली, आणि तिसऱ्या वेळी हात निघाला आणि मध्येच थांबला. हवेत. पोरानं एकदाही तोंड फिरवलं नाही, हे त्या हाताला कळलं होतं, राणीला अजून कळायचं होतं. हात तसाच राहिला.

बाहेर एक घोडा खिंकाळला.

“अव माय,” धानोऱ्याची म्हातारी पदर तोंडात कोंबत म्हणाली, “मानूसनी जात, अन् याले कसं समजनं व हाई?”

कसं समजलं. मी सांगते कसं समजलं.

कमली दीड वर्षाची होती. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला म्हणून मी तिला दारापाशी उजेडात घेऊन बसले. माशी येत होती. मी हाकत होते. झबला वर जात होता, मी खाली ओढत होते, पोरीची जात… आणि मग माझा हात थांबला. किती वेळ थांबला असेल? वर पाहिलं तर लोटन दारात उभा. बाहेरून इंद्रसिंग हाका मारत होते, तालमीची वेळ झाली होती – तो गेला नाही. हलला नाही. बघत उभा राहिला. मग सासू आली. “आंडेर व्हती बाई, आंडोर तर नही ना गया. ऊठ, चूल पेटाड.” मुलगी होती, मुलगा तर नाही ना गेला! तिनं पोर मांडीवरून उचललं आणि हात… तो हात मी खाली घेतला की तिनंच धरून खाली केला, ते आठवत नाही. पण दारात तो होता. सगळ्या जगात त्या वेळी माझ्याकडे बघणारा एक माणूस होता, आणि तो हाका आल्या तरी हलला नव्हता. एवढंच माझं होतं. एवढ्यावर मी या माणसाच्या केसांना अकरा वर्षं तेल लावलं.

तो बघत होता. घागरीकडे बघायचा तसा.

आजूबाजूच्या बायका हमसून रडत होत्या. पुरुषांकडून कुणीतरी भरल्या आवाजात ‘वाहवा’ म्हणालं. छबूबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. कमलीसाठी रडायला तेव्हा कुणी आलं नव्हतं, आणि आज चिंध्यांच्या राजपुत्रासाठी अख्खी जत्रा रडत होती… उठावं, दोरी ओलांडावी, शालूला धरून त्याला सगळ्यांसमोर ओढावं. ती उठली नाही. कारण तिला पुढचं पाहायचं होतं. तिची ती सकाळ सासूनं मध्येच तोडली होती; इथं सासू नव्हती. राणीचा हात हवेतून सावकाश, फार सावकाश खाली आला, आणि पोराच्या गालावर टेकला. हे तिनं केलं नव्हतं. हे तिला करू दिलं नव्हतं. हे त्याला कुठून मिळालं? तिनं स्वतःचा तळवा मांडीवर दाबून धरला. तळवा गरम झाला होता, आणि त्या गरमपणाचाही तिला संताप आला.

नाटक संपलं तेव्हा ऊन अजून बाभळींच्या शेंड्यावर होतं. ती मांडवामागे गेली. लोटन उलट्या पिंपावर बसून चेहऱ्यावर खोबरेल चोळत होता. गुलाबी, काळा, पांढरा असा चिखल त्याच्या गालांवरून उतरत होता. त्याच्या खालून जो चेहरा निघत होता तो थकलेला होता. तिनं तो थकवा पाहिला आणि बाजूला सारला.

“देखं का तू?” त्यानं विचारलं. वर न बघता. “कसं झायं?”

इतक्या वर्षांत त्यानं कधी विचारलं नव्हतं. ती काय काय बोलणार होती. चोर म्हणणार होती. ‘पोर माझी होती’, हे म्हणणार होती. तोंडातून निघालं ते भलतंच, आणि ते इतकं थंड होतं की तिलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटलं.

“हात चुकना तुन्हा.”

तेल चोळणारी बोटं थांबली. “कोन्ता हात?”

“माशी हाकाना. डावा पाहिजे. तुन्हा उजवा व्हता.”

त्यानं आता वर पाहिलं. एका डोळ्याखाली काजळ पसरलं होतं. “मी तर…” तो बोलता बोलता अडखळला. मग अगदी हळू : “मी तर उजवाच देखेल शे.”

म्हणजे त्याला माहीत होतं. विसरला नव्हता, नकळत झालं नव्हतं; कुठल्या हातानं, हेसुद्धा त्यानं नीट ठेवलं होतं. आणि तिलाही माहीत होतं की उजवाच. त्यानं काही चुकवलं नव्हतं. केसाइतकंही नाही.

“तू दारमा उभा व्हता,” ती म्हणाली. “तठेन उलटं दिखस.”

अकरा वर्षांत कमलीबद्दल दोघं एवढंच बोलली.

लोटननं मान हलवली. विश्वासानं, आपल्या धंद्यातल्या जाणत्या माणसाचं ऐकावं तशी. मग तेलकट डावा हात वर घेतला, समोरच्या रिकाम्या हवेतून माशी हाकली. एकदा. दोनदा. हात आडमुठा होता, त्याला सवय नव्हती. तिसऱ्या वेळी तो मध्येच थांबला – नुसता थांबला, त्यात काही नव्हतं. लाकडाचा हात. उद्या दुपारी पुन्हा नाटक होतं, परवाही, पौष लागेपर्यंत रोज. आता या हातावर कुणी रडणार नाही, आणि रडलं तरी ते माझ्यावरचं रडणं नसेल. माझं मी काढून घेतलं. “असा?” त्यानं विचारलं. “असाच,” ती म्हणाली. इंद्रसिंगांनी पलीकडून हाक मारली, पण तो हलला नाही. पुन्हा डावा हात उचलून करू लागला, ओठ मिटून, कपाळाला आठी घालून, आणि ती निघाली तेव्हाही करतच होता.

घोड्यांच्या रांगेतून जाताना तिला हलकं वाटलं पाहिजे होतं. पहिल्यांदाच तिनं त्याला लुबाडलं होतं. उजवाच होता माझा. तिनं मनाला बजावलं. डोकं डाव्या कोपरावर होतं, म्हणजे उजवा मोकळा… डाव्या कोपरावरच ना? दार पूर्वेला. उजेड तोंडावर येऊ नये म्हणून मी तिला फिरवून घेतलं होतं. फिरवून घेतलं होतं का? मग डोकं या बाजूला येतं, आणि मग झबला ओढणारा हात… तिनं ती सकाळ पुन्हा समोर आणली. दार आलं, उजेड आला, माशी आली. मांडीवर कमली आली. आणि हात उठला तो डावा होता – आडमुठा, तेलकट, मनगटापर्यंत रंग लागलेला. तिनं तो पुसून टाकला आणि पुन्हा सुरुवातीपासून आठवायला घेतलं. पुन्हा डावाच उठला.

“बाई, सरक व, घोडा शे!” कुणीतरी ओरडलं.

ती सरकली नाही. दोन्ही हात पोटाशी धरून ती वाटेत उभी होती, एकाकडून दुसऱ्याकडे बघत, जणू दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय आणि तो कोणता ते आता, इथेच, कळायला हवं होतं.