वाटीभर झोप

मायाप्पाच्या हातातलं लिंबू खाली परातीत पडलं, आणि मांडवातल्या दोनशे माणसांनी आवाज न करता दोन्ही हात वर केले. टाळ्या वाजवायच्या नाहीत, जयजयकार करायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. कारण मायाप्पाला झोप लागली होती.

घंगाळात तरंगणाऱ्या तांब्याच्या वाटीकडे बोट करून बाबांचा शिष्य वीरभद्रप्पा घोगऱ्या आवाजात कुजबुजला, "बघा भक्तहो! पंधरा दिवसांमागं ह्याच माणसाला झोपायला पाच वाट्या लागल्या हुत्या. आज एक वाटीसुद्दा बुडाली न्हाय!"

पुढं बसलेल्या एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला.

हे १९७४ च्या उन्हाळ्यातलं. शुक्रवार पेठेत एका बंद गोदामापुढं घटीबाबांनी मांडव टाकला होता. चारी बाजूंनी वाळ्याचे पडदे, त्यांवर दर तासाला पाणी. सोलापूरच्या वैशाखात अशा जागी ताक-भात खाऊन आडवं झालं तर खांबालासुद्धा झोप लागेल. पण लोकांना हे सांगायची सोय नव्हती. चमत्कार वाटीत होता.

वाटीची रीत सोपी होती. बुडाला भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी शिरून वाटी बुडाली की एक वाटी वेळ झाला. लगेच उचलून, रिकामी करून परत सोडायची. ज्याला झोप येत नाही त्यानं बाजेवर पडून मुठीत लिंबू धरायचं आणि हात बाजेबाहेर सोडायचा. डोळा लागला की मूठ सुटते, लिंबू खालच्या परातीत पडतं. तोवर किती वाट्या बुडाल्या, ते त्याच्या झोपेचं माप. आमच्याकडं पूर्वी लग्नाची घटका अशाच वाटीवर धरत. भटजी, वऱ्हाड, नवरानवरी सगळे वाटीकडं डोळे लावून बसलेले मी पाहिले आहेत. त्यामुळं बाबा खोटं बोलेल अशी शंका एखाद्याला आली असेल, पण वाटी खोटं बोलेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

मनगटी घड्याळ उंबऱ्याबाहेर ठेवायला लागायचं. "घड्याळ म्हंजे यंत्र. यंत्राच्या टिकटिकीनं झोप पळती," असं वीरभद्रप्पा सांगायचा.

बाबा स्वतः बोलायचे नाहीत. ते अकरा वर्षं झोपले नाहीत, लोकांची झोप स्वतःच्या डोळ्यांत सांभाळतात, असं होतं. दुपारी जेवणानंतर पडद्यामागून त्यांचं घोरणं ऐकू यायचं. ती समाधी होती.

तोंड चालायचं ते वीरभद्रप्पाचं. "झोप म्हंजे काय, भक्तहो? झोप म्हंजे दूध! तुमची झोप पाणी घातलेली, पातळ. बाबा ती आटवून देत्यात. चार शेर दुधाची एक शेर बासुंदी हुती का न्हाय? तशी आठ तासांची झोप दोन तासांत! वरचे सहा तास कामाला मोकळे. सांगा, कुटला डाक्टर देतो?"

लोक हसायचे, माना डोलवायचे. मी मागं उभा राहून ऐकत होतो. चाळीस वर्षं मी मिलच्या कार्डिंग खात्यात, कापूस पिंजायच्या यंत्रांपाशी काढली. आठ तासांची झोप दोन तासांत उरकलेला माणूस त्या खात्यात कसा दिसतो, ते मला माहीत होतं.

मी तिथं गेलो होतो ते ईरप्पापायी. ईरप्पा माझ्या बहिणीचा मुलगा, आणि माझी मुलगी काशम्मा त्याला दिलेली, म्हणून जावईही. मिलमध्ये तो बदलीवर होता. बदली कामगारानं रोज गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्याच्या जागी आत घेणार. त्याच्या वाट्याला बहुतेक तिसरी पाळी यायची. रात्रभर काम, आणि दिवसा पत्र्याच्या खोलीत तळमळ. डोळे लाल, अंगाची काडी झालेली. मायाप्पा त्याचा शेजारी, त्याच खात्यातला. त्यानंच याला बाबांकडं नेलं.

पहिल्या बैठकीत ईरप्पाला चार वाट्या लागल्या. मग अकरा दिवसांचं भस्म, एका आठवड्याची मजुरी देऊन. नंतरच्या बैठकीला एकच वाटी. तो घरी आला तो हवेत तरंगत.

"मामा, एक वाटी! चार वाट्यांची एक झाली. झोप चौपट घट्ट झाली की!"

"घट्ट कुठली झाली? फार तर लवकर आली."

"तेच की. जॉबर म्हनलाय, तिसरी करून पयली पाळी पन वढ, सा महिन्यांत कायम करतो. मायाप्पा तर कवाच लागलाय दोन पाळ्यांना."

"आणि झोपणार कधी?"

"दोन तास बास हायेत मला. वीरभद्रप्पानं सांगितलंय."

आठ दिवस तो दोन-दोन पाळ्या ओढत होता. भाकरीचा घास हातात धरून झोपायचा आणि दचकून म्हणायचा, "जागाच हाय मी." नवव्या दिवशी घरी आला तेव्हा सदऱ्याची उजवी बाही खांद्यापासून गायब होती. यंत्राच्या पट्ट्यानं ओढून नेली होती. दंडावर लाल वळ होता, बाकी काही नाही.

"बाबांची कृपा," तो म्हणाला, "बाहीवर भागलं."

तो पडल्यावर काशम्मा माझ्याजवळ येऊन बसली. मांडीवर बिड्यांचं सूप होतंच. माझी पोर बारा वर्षांची असल्यापासून बिड्या वळते. ठरलेल्या बिड्या रोज भरायलाच लागतात, म्हणून नवऱ्याच्या बैठकीलाही ती सूप घेऊन मांडवाच्या पायरीवर बसायची.

"अप्पा, एक सांगू? हसू नका."

"सांग की."

"पयल्या दिवशी ह्यांचं लिंबू पडलं तवा माजा एक कट्टा आन वर बारा बिड्या झाल्या हुत्या."

कट्टा म्हणजे पंचवीस बिड्या. मी मनात बेरीज केली. सदतीस.

"दुसऱ्या बारीला लिंबू पडलं तवा एक कट्टा आन चौदा. मग लवकर कुटं आली झोप? उलट दोन बिड्या उशीरच की."

"तुझा हात त्या दिवशी जलद चालला असेल."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मीच खाली बघितलं. "अप्पा, ताप असू दे, न्हाय तर घरात भांडण. माजा हात हाय त्येवढाच चालतो. पानं संपली तरच थांबतो. माजा हात खरा. वाटीतच कायतरी हाय."

मी वाटी आठवून पाहिली. सगळ्यांना वाटी एकच, असं वीरभद्रप्पा सांगायचा, पण नव्या माणसाला ती कोरी असायची. भस्म घेतलेल्याला मात्र आधी वाटीची पूजा. वीरभद्रप्पा मंत्र पुटपुटत वाटीच्या तळाला आतून कुंकू लावायचा. मी तसं सांगितलं. काशम्माचा वळता हात थांबला. पानं तर बरीच शिल्लक होती.

मिलच्या सुट्टीच्या दिवशी ईरप्पाची तिसरी बैठक होती. काशम्मानं गल्लीतल्या चार बिडीवाल्या बायकांना बरोबर घेतलं. पाचही जणी सुपं घेऊन थेट घंगाळाजवळ जाऊन बसल्या.

"ए बाई, हे देवस्थान हाय," वीरभद्रप्पा ओरडला. "बिडीचा कारखाना न्हाय!"

"आमी कुटं काय मागतोय?" काशम्मा म्हणाली. "मानूस नको, लिंबू नको. नुसती वाटी सोडा. आमी बिड्या वळतो."

"कशाला?"

"बघायला."

मागून कुणीतरी म्हणालं, "सोड की रं! तुजं काय जातंय?" लोक हसले. वीरभद्रप्पानं बाबांकडं पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते, पण पापण्या हलत होत्या. शेवटी त्यानं ईरप्पासाठी तयार केलेली, कुंकू ल्यालेली वाटी पाण्यावर सोडली.

पाच बायकांचे हात चालू झाले. मांडवात फक्त पानांची खसखस ऐकू येत होती. वाटी बुडाली तेव्हा काशम्माच्या अडतीस झाल्या होत्या. बाकीच्यांच्या कुणाच्या छत्तीस, कुणाच्या एक्केचाळीस.

"आता कोरी सोडा."

"कोरी नव्या भक्तासाठी असती."

"वाटी एकच हाय म्हंता न्हवं?" असं म्हणत तिनं घंगाळात हात घालून वाटी काढलीसुद्धा.

"बाटवली! वाटी बाटवली!" वीरभद्रप्पा पुढं झेपावला. चौघी बायका सुपं घेऊन मध्ये उभ्या राहिल्या. बायकांना ढकलायचं धाडस त्याला झालं नाही.

काशम्मानं अंगठ्यानं कुंकू पुसलं. मग नखानं तळ खरवडला. नखावर पिवळट चिकट गोळी आली. तिनं ती हुंगली आणि शेजारच्या बाईच्या नाकाखाली धरली.

"मेण," ती बाई म्हणाली आणि खो-खो हसत सुटली. "अगं बया, कुकवाखालचं मेण की हे!"

कुंकू टिकावं म्हणून आमच्या बायका रोज सकाळी कपाळाला आधी मेण लावतात. मांडवातल्या प्रत्येक बाईच्या कपाळावर ते होतं. काशम्मानं वाटी उजेडाकडं धरून फिरवली. मोहरीएवढं दिसणारं भोक आता ज्वारीच्या दाण्याएवढं झालं होतं. तिनं वाटी परत पाण्यावर सोडली.

नऊ बिड्यांत बुडाली.

मग मीच मोठ्यानं सांगितलं, "नव्या माणसाला मोठं भोक. वाटी भराभर बुडते, चार-पाच वाट्या मोजल्या जातात. तुमची मजुरी घेतली की भोक मेणानं बारीक करायचं. मग तेवढ्याच वेळात एकच वाटी. तुमची झोप होती तिथंच आहे. फक्त भोक बदललं."

अकरा वर्षं जागे असलेले बाबा तेव्हा पहिल्यांदा बोलले. काशम्माकडं बोट करून कडाडले, "तुझ्या नवऱ्याच्या डोळ्याला डोळा लागणार नाही!"

"त्यो आत्तापतूर तरी कुटं लागत हुता, बाबा?" ती म्हणाली.

ईरप्पा बाजेवरून उठला. आधी तो बायकोवरच तापला, "चारचौघांत हे काय लावलंयस?" पण मग तो स्वतः घंगाळाशी आला, वाटी रिकामी करून पाण्यावर सोडली आणि बुडेपर्यंत बघत राहिला. दुसऱ्यांदा सोडली. मग माझ्याकडं वळला.

"मामा, म्हंजे मी दोन तास झोपून..."

"दोन तास झोपून दोनच तास झोपलास."

तो खाली बसला, खांबाला टेकला. लिंबू नाही, परात नाही, मंत्र नाही. एवढ्या गोंगाटात त्याची मान खाली गेली ती गेलीच. पंधरा दिवसांची उधारी होती ती. आम्ही त्याला टांग्यात घालून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उठला आणि जॉबरला सांगून आला की एकच पाळी करीन.

दुसऱ्या सकाळी मांडव रिकामा होता. घंगाळ, वाटी, वाळ्याचे पडदे, सगळं गेलं. टेंभुर्णीकडं गेले असं कुणी म्हणालं. मला किळस आली ती त्यांच्यापेक्षा आमच्याच लोकांची. दोन बायका गोदामापुढं चौकशी करत होत्या, "वाटी खोटी असू द्या, पन भस्म कुटं मिळंल?"

मायाप्पा त्या दिवशी मांडवात होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, दोन पाळ्या सोड. तो म्हणाला, "ईरप्पाची वाटी खोटी असंल मामा. मला तर गुण आलाय."

पाच दिवसांनी पहिल्या पाळीच्या शेवटी त्याला डुलकी लागली. पट्ट्यानं या वेळी बाहीवर भागवलं नाही. उजवा हात कोपरापासून गेला.

पन्नाशीत अक्षरं शिकलो, त्यामुळं खात्याच्या फळ्यावर लावलेला कागद मला वाचता आला. अपघाताचं कारण, कामगाराची गफलत. बाबांचं नाव नव्हतं, वाटीचं नव्हतं, जॉबरचंही नव्हतं.

दवाखान्यात मायाप्पा भिंतीकडं तोंड करून पडला होता. मग तसाच पडून म्हणाला, "मामा, माज्या वाटीला पन मेणच हुतं का?"

"व्हय," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

वाचणाऱ्यांनो, झोप आटत नाही. तिची बासुंदी होत नाही. रात्रपाळी करणाऱ्यानं खिडकीला गोणपाट लावावं, पत्र्यावर पाणी मारावं, पाळी सुटायच्या वेळी चहा पिऊ नये, रोज ठरल्या वेळेला पडावं. घरच्यांनी भांडी आपटू नयेत. एवढं करून झोप येत नसेल तर डॉक्टर गाठावा. ईरप्पानं हेच केलं. गुण यायला दोन महिने लागले. यात चमत्कार नाही, म्हणून यासाठी कुणी मांडव घालत नाही.

आणि कुणी तुमच्या दुखण्याचं माप काढतो म्हणाला, तर आधी ते माप हातात मागा. उलटं करून बघा, नखानं खरवडून बघा, पाण्यात सोडून बघा. जो बघू देत नाही, त्याच्यापुढं आडवं होऊ नका.